वार पुढच्या दारानं

जयमाला सिस्टरच्या तोंडाला लागू नये, हे शहाणपण गावाला फार लवकर आलं होतं. सुप्याच्या फाट्यावर एस्टीतून उतरून आत चालत जावं लागायचं, असं ते गाव. तिथल्या उपकेंद्रात जयमाला नर्स होती. नवरा प्रशांत सुप्याच्या कारखान्यात पाळीवर जायचा, आई राहीबाई गावातच बौद्धवाड्यात राहायची. म्हणजे सिस्टर परकी नव्हती, गावचीच लेक. पण लेक म्हणून कुणी गोड बोलायला गेलं की ती आणखी भडकायची. लस द्यायच्या दिवशी पोराला कणगीमागं लपवणाऱ्या बाईला तिनं अख्ख्या आळीदेखत झापलं होतं. उपकेंद्राच्या पायरीवर पत्ते कुटणाऱ्यांच्या अंगावर फिनेलची बादली ओतली होती. लोक पाठीमागं तिला 'मिरची' म्हणत. तिच्या कानावर ते गेलं तेव्हा ती म्हणाली, "मिरचीबिगर कालवन गिळत न्हाई ना? मग गप गिळा."

पण तिचं गावाशी खरं वाकडं एकाच गोष्टीवरून होतं. ती गोष्ट म्हणजे बाळामागून पडणारी वार.

बाळंतपण दवाखान्यात करा म्हणून ती कानीकपाळी ओरडायची, पण त्या काळात निम्मी गावं घरातच बाळंत होत. बोलावणं आलं की ती जायची. नाळ कापायची, बाळ पुसून आईच्या छातीशी द्यायची, मागून वार पडेपर्यंत हलायची नाही. वार पडली की हातमोजे घातलेल्या हातानं ती उलटीपालटी करून तपासायची. मग घमेल्यात ठेवायची, घमेलं घरच्यांच्या पुढं सरकवायची आणि म्हणायची, "ही तुमची. तुमीच पुरा."

इथं ठिणगी पडायची. सासवा एकमेकींकडं बघायच्या. कुणी म्हणायचं, एवढं केलंच आहे तर तेवढंही करून टाक की. कुणी घमेलं हळूच मागच्या दाराशी नेऊन ठेवायचं, म्हणजे जाता जाता सिस्टर उचलेल. सिस्टर मागच्या दारानं जायचीच नाही. उघड कुणी बोलत नव्हतं, पण मनात सगळ्यांच्या एकच होतं: हे काम पिढ्यान्‌पिढ्या हिच्याच घराचं, मग आत्ताच हिला काय झालं?

आता हे पिढ्यान्‌पिढ्यांचं काय होतं ते सांगितलं पाहिजे.

जयमालाची आज्जी भीमा. बापाची आई. गावातल्या बड्या घरांची बाळंतपणं तिच्या हातची. कळा सुरू झाल्या की गडी भीमाच्या वाड्याच्या कडेला उभा राहून हाक मारायचा. (त्या वाड्याला तेव्हा गाव काय म्हणायचं ते लिहून हात विटाळायची माझी इच्छा नाही.) भीमा मागच्या दारानं आत जायची. आत असेपर्यंत तिच्या हाताला कुणाची हरकत नसायची. बाळाचं डोकं धरणारा हात तोच, नाळ कापणारा तोच. घरातल्या कुणी नाळेला हात लावायचा नाही, म्हणून भीमाला यायला उशीर झाला तर पोर तसंच ओलं, उघडं, वारेला जोडलेलं जमिनीवर पडून राहायचं. पोर गारठलं तरी चालेल, पण घराचा हात बाटता कामा नये! आणि काम उरकलं की तोच हात विटाळाचा. भीमानं वार फुटक्या मडक्यात घालायची, मडकं डोक्यावर घ्यायचं आणि मागच्या दारानं निघून लांब नेऊन पुरायचं. मग पदरात सूपभर बाजरी पडायची. वरून. सूप पदराला लागणार नाही एवढ्या उंचीवरून.

छप्पन साली दीक्षा झाली. गावात ती लाट पोचेपर्यंत पुढचं साल उजाडलं. त्याच साली गावच्या बड्या शेतकऱ्याच्या घरी भीमाला बोलावणं आलं. बाळ नीट झालं, वार पडली. भीमानं हात धुतले, मडकं होतं तिथंच ठेवलं आणि म्हणाली, "बाळ काढीन, बाईचा जीव वाचवीन, रातीअपरात्री बोलवा, यीन. पन ही वार आता मी न्हेनार न्हाई. तुमची हाय, तुमी न्या."

त्या घरानं काय करावं? वार पुरायची नाही तर मग बाळंतपणाला येऊही नकोस, असं सांगून टाकलं. म्हणजे बाया मेल्या तरी चालतील, पण वार भीमानंच वाहिली पाहिजे. बाकीच्या घरांनीही तेच केलं, वारेसाठी परगावची बाई आणू लागले. शेतातलं कामही बंद झालं. तिच्या बोटांत जे होतं ते गावात दुसऱ्या कुणाच्या बोटांत नव्हतं, आणि ती बोटं पुढं मरेपर्यंत दुसऱ्या गावात जाऊन खुरपं धरत राहिली. पण सुनेला, म्हणजे राहीबाईला, तिनं एकच सांगून ठेवलं: "माज्या घरातली बाई परत कुनाची वार डोक्यावर घेनार न्हाई." राहीबाईनं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, पण हा शब्द मोडला नाही.

आणि याच घरातली पोरगी नर्स झाली.

नगरला ट्रेनिंगला असताना पहिल्याच बाळंतपणाला शिकवणाऱ्या मॅडमनी ट्रेमध्ये वार ठेवून सांगितलं, "हातात घे." जयमालाचा हात उठेना. मॅडमना वाटलं पोरीला किळस आली. "घाण वाटते का?" त्यांनी विचारलं. जयमाला म्हणाली, "न्हाई मॅडम. आमच्या घरात शब्द दिलेला हाय." मॅडमना काही कळलं नाही. त्यांनी वार स्वतःच उचलली, उजेडात धरली आणि समजावून सांगू लागल्या. ज्या बीजातून बाळ वाढतं त्याच बीजातून वार वाढते, दोघांची सुरुवात एकच. आईच्या रक्तातलं अन्न आणि हवा नाळेवाटे बाळापर्यंत पोचवायची, आणि बाळाच्या अंगातली घाण परत आईच्या रक्ताकडं सोडायची, हे वारेचं काम. दोघांचं रक्त मात्र एकमेकांत मिसळत नाही, मध्ये पातळ पडदा असतो. बाळाला फुप्फुसं असतात पण ती मिटलेली. नऊ महिने त्याचा श्वास वार घेते. म्हणजे पोराची चूल तीच, मोरी तीच आणि खिडकीही तीच.

बाकीच्या पोरी वहीत लिहून घेत होत्या. जयमालाचे कान तापले होते. आज्जीनं जन्मभर डोक्यावरून वाहिलं ते काय होतं, हे आज्जीला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्यांचं होतं त्यांनाच ठाऊक नव्हतं, ते काय सांगणार! बाईच्या पोटातला मैला म्हणून ज्याला नाक धरलं, ते त्यांच्याच पोराचं अंग होतं. बापाचं निम्मं बीज त्यात होतं. त्यांच्या घराण्याची वार भीमाच्या डोक्यावर, आणि विटाळ भीमाला!

सुट्टीत घरी आल्यावर तिनं आईला हे सगळं सांगितलं आणि विचारलं, "आई, मला तर रोज हात लावावा लागनार. काय करू?"

राहीबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "हातात घे. डोक्यावर घिऊ नको."

तेव्हापासून सिस्टरचा नियम तो. तपासायची, पण पुरायची नाही. आधी अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या डोंगरात काही वर्षं नोकरी झाली, तिथल्या लोकांनी कधी कुरकुर केली नाही. ते आपली वार आपणच पुरत. बदली होऊन स्वतःच्या गावात आली आणि भांडण सुरू झालं.

शहाण्णव सालच्या माघातली गोष्ट. काकासाहेबांच्या वस्तीवर त्यांची सून माधुरी बाळंत झाली. भीमानं मडकं ठेवलं होतं ते घर हेच. काकासाहेब तेव्हा पोरसवदा होते, आता घराचे कारभारी. दारात जीप, मळ्यात द्राक्षं. बायको गीताबाई म्हणजे घरातली कोतवाल. मुलगा गोरक्ष, माधुरीचा नवरा, बापासमोर खाली मान घालून उभा राहणारा.

जयमाला त्या सकाळी पलीकडच्या वाडीवर लसीकरणाला गेली होती. ती आली असती तरी गीताबाईला ती नकोच होती. नेमकं हेच गीताबाईच्या डोक्यात होतं: सिस्टर येणार, काम झाल्यावर घमेलं आपल्यापुढं ढकलणार, चार बायांत तोंडाला काळं फासणार. त्यापेक्षा ती यायच्या आत सगळं उरकून टाकलेलं बरं. म्हणून शेजारच्या दोन बायकांना घेऊन तिनंच बाळंतपण केलं. वार लवकर पडेना, तर माधुरीचीच वेणी तिच्या तोंडात कोंबून ओकाऱ्या काढायला लावल्या. तरी पडेना, तेव्हा नाळ धरून ओढली. वार आली. गीताबाईनं ती गोणपाटात गुंडाळली, घरामागं न्हाणीजवळ खड्डा काढून पुरली आणि वर दगड ठेवला. जन्मात पहिल्यांदा त्या घराच्या बाईनं आपल्या घरची वार स्वतः पुरली, तीही निव्वळ जयमालावरच्या रागानं.

इथं सिस्टरचीही चूक होतीच, आणि ती झाकायचं कारण नाही. 'तुमची तुमीच पुरा' हे तिनं गावाच्या कानात एवढ्या वेळा ओतलं होतं, की त्याआधी 'मला दाखवा' असतं हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

दुपारी गडी उपकेंद्रावर आला. म्हणाला, वैनी गळून गेल्यात, ताकदीचं इंजेक्शन द्यायला बोलावलंय. जयमालानं पिशवी उचलली.

खोलीत शिरली आणि तिच्या नाकाला रक्ताचा वास आला. माधुरी पांढरीफटक. अंगाखालचं जुनेर भिजून गोधडीपर्यंत ओल गेलेली. बाळ बाजूला धडधाकट रडत होतं. जयमालानं पोटावर हात ठेवला. गर्भाची पिशवी आवळून टणक लागायला हवी, ती कणकेसारखी मऊ. तिनं इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, बाळ छातीला लावलं. रक्त थोडं थांबलं. तिनं हात काढला, की पुन्हा सुरू.

"वार कुठंय?" तिनं विचारलं.

"पुरली," गीताबाई म्हणाली. "तूच म्हंतीस ना, तुमची तुमीच पुरा? पुरली."

"सगळी पडली हुती का?"

"म्या माज्या डोळ्यानी बघितली. सगळी."

जयमालानं तिच्याशी वाद घातला नाही. एका बाईला पोट चोळत राहायला बसवलं, कसं चोळायचं ते दाखवलं आणि ओसरीवर आली. काकासाहेब भावकीतल्या दोघातिघांबरोबर बसले होते. नातू झाला म्हणून पेढे आणायला सांगत होते. जयमाला म्हणाली, "काकासाहेब, जीप काढा. वारेचा तुकडा आत राह्यलाय. आत्ताच्या आत्ता नगरला न्यायला पायजे."

काकासाहेबांनी बायकोकडं बघितलं. गीताबाई दारातूनच कडाडली, "अजून पाचवी पुजली न्हाई, सटवीनं लिवलं न्हाई, अन सुवेरातली बाई उंबरा वलांडून जाईल व्हय? पोराचं काय वाटोळं करायचंय का? वार सगळी पडली म्हनते मी!"

"पडली न्हाई."

"तुला काय सपान पडलं?"

काकासाहेबांनी हात वर केला. ते गावात न्याय करायला बसत, त्या आवाजात म्हणाले, "हे बघ सिस्टर. तू म्हनतीस पडली न्हाई, घरातली बाई म्हनती पडली. तुज्याकडं काय पुरावा हाय?"

आत एक पोरगी रक्तानं रिकामी होत होती आणि हा बुवा पुरावा मागत होता. जयमालाच्या कपाळाची शीर उडायला लागली. पण तिला हेही कळत होतं, की जीप याची, रस्ता लांबचा, आणि एस्टीची वाट बघत बसलं तर माधुरी फाट्यावरच संपेल. याला हो म्हणायला लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"पुरावा तुमच्या न्हानीमागं पुरलाय," ती म्हणाली. "उकरून आना. मी दावते."

पुरलेली वार उकरायची? कुत्र्यामांजरानं उकरली तर पोराला धोका म्हणून वर धोंडा ठेवतात. भावकीतला एकजण म्हणाला, असलं अभद्र बोलू नये. गोरक्ष खांबाला धरून उभा. हात मात्र कुणाचाच पुढं येईना.

गीताबाई हसली. "पुरायच्या वख्ताला तुजी शान कमी हुत हुती. आता उकरायला बरी तयार झालीस! उकर मग. तुज्या आज्जीनं याच घरातल्या पाच वारा न्हेल्या डोक्यावरनं. ह्यांचीबी तिनंच न्हेली." तिनं नवऱ्याकडं बोट केलं. "ही सहावी समज."

या बोलण्यावर जयमालानं काय करावं? परत फिरावं, तर राहीबाईनं शाबासकी दिली असती आणि माधुरी गेली असती. उकरावं, तर गाव पुढची वीस वर्षं सांगणार, बघा, शेवटी आलीच ना वळणावर. तिच्या डोक्यात भीमाआज्जी, तिचं मडकं आणि वरून पडणारी बाजरी सगळं एकदम गरगरलं. तिला गीताबाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. खोटं कशाला सांगू, अगदी हात शिवशिवला.

आतून बाळ रडलं. जयमाला ओसरीच्या पायऱ्या उतरली, घराला वळसा घालून मागं गेली आणि भिंतीला टेकवलेलं खोरं उचललं.

दगड बाजूला केला. माती भुसभुशीत होती, खड्डाही उथळ. गोणपाट लागलं. गीताबाईनं मागच्या दारातून गोठ्यातलं फुटकं घमेलं पुढं टाकलं. "ह्यात घे," ती म्हणाली.

जयमालानं घमेल्याकडं बघितलं. फुटकं. तिच्या आज्जीच्या मडक्यासारखंच. न्हाणीच्या कट्ट्यावर घरातली पितळेची मोठी परात घासून उन्हात पालथी घातली होती. रोज सगळ्या घराचं पीठ मळायची ती परात. जयमालानं घमेलं पायानं सारलं आणि परात उचलली.

"आगं, परात! आगं ती सैपाकाची!" गीताबाई किंचाळली.

तोवर वार परातीत आली होती. जयमालानं हौदातल्या पाण्यानं ती नीट धुतली, माती काढली. मग परात दोन्ही हातांत छातीसमोर धरून ती निघाली. घराला वळसा घातला, अंगणातून, तुळशीपुढून, पुढच्या दारानं सरळ ओसरीवर चढली, आणि परात काकासाहेबांच्या बैठकीपुढं ठेवली. भावकीतले टुणकन उठून मागं सरकले.

"बसा! पळता कुठं?" तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. "पुरावा मागितला ना? बघा. ही बाजू बाळाकडची. ही नाळ, ह्या शिरा. ह्यातनं तुमच्या नातवाला नऊ म्हैनं अन्न गेलं, हवा गेली. आता ही आईकडची बाजू." तिनं वार पालथी केली. जांभळट खापांसारखे तुकडे एकमेकांना चिकटून बसलेले होते. "ह्या खापा एकाला एक लागून पायजेत. इथं बघा."

कडेला एक खाप नव्हतीच. तिच्या जागी फाटलेला, अंगठा बसेल एवढा खड्डा होता.

"हा तुकडा आत हाय. तो आत हाय तवर पिशवी आवळनार न्हाई, अन पिशवी आवळली न्हाई तर रक्त थांबनार न्हाई. संध्याकाळपत्तुर तुमची सून जाईल. मग सटवी काय लिवायचं ते लिवंल."

जयमालाला आता थांबता येईना. चाळीस वर्षांचं साठलेलं होतं, ते काही तिच्या एकटीचं नव्हतं. "अन अजून एक ऐका. हा बाईचा मैला न्हाई. ज्या बीजाचं तुमचं पोर, त्याच बीजाची ही वार. ह्यात निम्मं गोरक्षचं हाय. म्हंजी तुमचं हाय, काकासाहेब. तुमच्या घराण्याचं! तुमची सवताची वार माज्या आज्जीनं डोक्यावर वाहिली, अन तुमी तिला वरनं बाजरी टाकली!"

काकासाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. ते काही म्हणणार, तेवढ्यात गोरक्ष पुढं आला. परातीकडं बघत म्हणाला, "मी गाडी काढतो."

"थांब," काकासाहेब म्हणाले.

गोरक्ष थांबला नाही. बापानं थांब म्हटल्यावर न थांबण्याची ती त्याची पहिलीच वेळ असावी. तो खोलीत शिरला, बायकोला गोधडीसकट उचललं आणि उंबरा ओलांडून जीपमध्ये नेऊन ठेवलं. जयमाला बाळ मांडीवर घेऊन मागं बसली. नगर येईपर्यंत तिची मूठ माधुरीच्या पोटावरून हलली नाही. वाटेत माधुरी एकदाच बोलली. "सिस्टर, मी मरते का?" तिनं विचारलं. जयमाला खेकसली, "मरून बघ, मग सांगते तुला!" दवाखान्यात डॉक्टरांनी राहिलेला तुकडा काढला, रक्त चढवलं, आणि माधुरी वाचली.

जयमाला दुसऱ्या दिवशी गावात परतली तेव्हा उपकेंद्राच्या पायरीवर परात होती. घासलेली नाही, तशीच, रक्त वाळलेली. वस्तीवरची एक मजूर बाई शेजारी बसली होती. चोरट्यासारखी म्हणाली, "गीताबाई म्हनल्या, ही परात बाटली. आता सिस्टरलाच ऱ्हाऊ दे म्हनाव." मग आवाज खाली आणून तिनं पुढचं सांगितलं. जीप गेल्यावर परात तशीच ओसरीवर राहिली. भावकी पांगली. गडी हात लावेनात. वासानं कुत्री अंगणात आली. तेव्हा काकासाहेब स्वतः काठी घेऊन परातीपाशी बसले, कुत्री हाकत. दिवस मावळेपर्यंत बसले. मग कुणी बघत नाहीसं पाहून स्वतःच परात उचलली, मागं नेली आणि वार पुरली.

हे ऐकून जयमालाला बरं वाटायला हवं होतं. पण तिची नजर परातीवर होती. बाईचा जीव वाचला, नातू दूध पितोय, आणि या लोकांना काय बाटलं तर पितळ! तिनं परात उचलून भिंतीवर आदळायला हात वर केला, तेवढ्यात फाटकातून राहीबाई येताना दिसली. तिच्या चालण्यावरूनच कळत होतं, की गावानं तिच्या कानात सगळं ओतलं होतं.

"उचललीस?" राहीबाईनं आल्या आल्या विचारलं. "आत्याबाईचा, तुज्या आज्जीचा शब्द इसरलीस? काय ऐकून आले मी आज! पान्यावरच्या बाया म्हनत्यात, शेवटी भीमाचीच नात. ह्याच्यासाठी शिकवलं व्हय तुला?"

"आई, ती मरत हुती."

"मरू दे म्हनत न्हाई मी! पन त्यांच्या हातांना काय झालं हुतं?" राहीबाईचा आवाज चिरकला. ती पायरीवर बसली. दम खाऊन तिनं विचारलं, "डोक्यावर घेतलीस?"

"न्हाई. हातात."

"कशात?"

जयमालानं परात पुढं केली. राहीबाईनं ती नीट निरखली. तिच्या सासूच्या हातात या घरानं फुटक्या मडक्याखेरीज कधी काही दिलं नव्हतं.

"अन कुठल्या दारानं न्हेलीस?"

"म्होरल्या."

राहीबाईनं परातीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग उठली, परात काखेत घेतली आणि म्हणाली, "ही माज्याकडं ऱ्हाऊ दे."

त्या दिवसापासून सिस्टरचा नियम थोडा बदलला. आता ती आधी ओरडायची, 'मला दावल्याबिगर कुनी वार पुरायची न्हाई,' आणि मग ओरडायची, 'आता तुमची तुमीच पुरा.' म्हणजे भांडणं दुप्पट झाली.

सव्वा महिना झाला. माधुरी न्हाऊन-माखून, पोराला घेऊन चुलीपुढं यायला लागली. एका सकाळी राहीबाईनं परात चिंच लावून घासली, राखेनं घासली, उकळतं पाणी ओतून धुतली. सोन्यासारखी लखलखायला लागली. मग ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसली, परात काखेत मारली आणि भर उन्हात काकासाहेबांच्या वस्तीवर निघाली. जयमाला वाटेत भेटली, कुठं निघालीस म्हणाली, पण राहीबाई थांबली नाही. तेव्हा जयमालाही मागोमाग गेली.

राहीबाई अंगणातून, तुळशीपुढून, पुढच्या दारानं ओसरीवर चढली. जन्मात पहिल्यांदा. काकासाहेब बैठकीवर होते. ते बघतच राहिले. गीताबाई आतून आली.

"तुमची परात," राहीबाई म्हणाली आणि ती ओसरीवर ठेवली. "इसरली हुती आमच्याकडं. घासून आनलीय. पिठाला घ्या."

"आमाला नको ती," गीताबाई म्हणाली. "आमी दुसरी आनली."

"का नको? तिच्यात तुमच्याच नातवाची वार हुती. माज्या न्हवं. तुमच्या पोराचं तुमाला बाटतं का?"

गीताबाई नवऱ्याकडं बघू लागली. काकासाहेब अंगणाकडं बघू लागले. तेवढ्यात आतल्या दारात माधुरी आली. पोर कडेवर होतं. तिनं पोर सासूच्या हातात दिलं, म्हणजे अक्षरशः कोंबलं, वाकून परात उचलली आणि म्हणाली, "नको कशी? माज्यासाठी काढली हुती. मला पायजे."

"माधुरे!" गीताबाई ओरडली.

माधुरीनं वळून बघितलं नाही. जाता जाता म्हणाली, "आई, बसा तुमी. मी भाकरी टाकते. खाऊन जा."

सून 'आई' कुणाला म्हणाली, हे गीताबाईला कळायला थोडा वेळ लागला.

राहीबाई काकासाहेबांच्या समोरच ओसरीवर मांडी घालून बसली. "भाकरी नको बाई," ती आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "भूक न्हाई. तू पीठ मळ. तेवढं मी बघते अन मग जाते."

आत डब्याचं झाकण वाजलं. परातीत बाजरीचं पीठ पडल्याचा आवाज आला, मग पाण्याचा, मग तळव्याचा. राहीबाई दाराकडं तोंड करून बसून राहिली. जयमाला अंगणातच उभी होती. काकासाहेब उठून जाऊ शकले असते, पण उठले नाहीत. पीठ मळून पहिली भाकरी थापल्याचा आवाज आला, तेव्हा राहीबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर सारखा केला आणि आलेल्या दारानंच खाली उतरली.